कोंबडी ओरडली की बाकीच्यांकडे पाहा: आवाज ओळखण्याची पद्धत

कोंबडी ओरडली की बहुतेकांची नजर तिच्याकडेच जाते. तिच्याकडे बघून फारसं काही कळत नाही. ती ओरडल्यावर बाकीच्या काय करतात ते बघितलं, तर अर्थ पटकन लागतो. अभ्यासकांनी रानकोंबड्यांचे सुमारे २४ वेगवेगळे आवाज नोंदवले आहेत, आणि आपल्या परसातल्या कोंबड्या त्यांच्याच वंशातल्या. पण सगळे पाठ करायची गरज नाही. सात-आठ ओळखता आले तरी रोजचं काम भागतं.

पायरी १: शांत कळपाचा आवाज कानात बसवा

सगळं ठीक असतानाचा आवाज माहीत नसेल, तर बिघडलेला ओळखणार कसा? चरणाऱ्या कोंबड्या हलक्या, तुटक आवाजात सतत काहीतरी पुटपुटत असतात. एकमेकींचा पत्ता ठेवण्यापलीकडे त्यात फारसं काही नसतं. धुळीत लोळताना किंवा दांडीवर शेजारणीला खेटून बसल्यावर मांजरीसारखी बारीक गुरगुर येते, ती समाधानाची. काही दिवस सकाळी खुराडं उघडताना, दुपारी आणि तिन्हीसांजेला फोनवर एकेक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. प्रत्येक कळपाचा सूर थोडा वेगळा असतो, तेव्हा दुसऱ्यांच्या कोंबड्यांचे व्हिडिओ बघून अंदाज बांधू नका.

पायरी २: धोका आकाशातून की जमिनीवरून, ते ओळखा

सगळ्यात आधी शिकावेत असे आवाज हेच. घार किंवा ससाणा दिसला, तर बारीक, उंच, लांबवलेला आवाज येतो, बहुधा कोंबड्याचाच. तो कुठून आला ते शोधणं अवघड असतं. कुत्रा, मांजर, मुंगूस असं काही जमिनीवरून येताना दिसलं, तर आवाज ठसठशीत आणि तुटक होतो: कुक्-कुक्-कुक्-कुकाऽक्, पुन्हा पुन्हा, एकेक करून सगळा कळप त्यात सामील होतो.

हे दोन आवाज म्हणजे कमी-जास्त घाबरण्याचे प्रकार नव्हेत. ख्रिस्तोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबड्यांना फक्त ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले होते. शिकारी समोर नव्हताच. आकाशातल्या धोक्याचा आवाज ऐकून त्या आडोशाकडे पळाल्या, दबून बसल्या, वर पाहू लागल्या. जमिनीवरच्या धोक्याचा ऐकून मान ताठ करून आजूबाजूला नजर फिरवू लागल्या.

म्हणून बाहेर धावत जाताना कोंबड्यांच्या माना बघा. झुडपाखाली दबलेल्या असतील तर आधी वर पाहा. माना उंच करून सगळ्या एकाच दिशेला बघत असतील, तर त्या दिशेला जा. विमान, पतंग किंवा मोठा कावळा पाहूनही आकाशाचा इशारा होतो, पण दर वेळी खात्री करून घेतलेली बरी.

पायरी ३: अंड्याची आरोळी वेगळी काढा

इथे बरेच जण फसतात. अंडं घातल्यावरचा 'कुक्-कुक्-कुक्-कुकाऽक्' जमिनीवरच्या धोक्याच्या आवाजाशी इतका जुळतो की नुसत्या कानांवर भरवसा ठेवून चालत नाही. आता ऐकणाऱ्यांकडे पाहा. बाकीच्या निवांत चरत असतील, फार तर एखादी सूर मिसळत असेल किंवा कोंबडा उत्तर देत असेल, तर अंडंच. कधी ही आरोळी अंड्याच्या आधीही सुरू होते, विशेषतः आवडीच्या खोक्यात दुसरीच कुणी बसली असेल तेव्हा.

ती का ओरडते याबद्दल जाणकारांत एकमत नाही. कळपापासून दूर बसलेली कोंबडी पुन्हा इतरांना गाठायला हाक देते, हे स्पष्टीकरण मला त्यातल्या त्यात पटतं.

पायरी ४: खाण्याची हाक ऐका, आणि कोंबड्यावर थोडा संशय ठेवा

खाऊ सापडला की कोंबडा भरभर 'टुक्-टुक्-टुक्' करतो, डोकं खालीवर करतो, दाणा उचलतो, टाकतो. कोंबड्या धावत येतात. कोंबडी दूर असेल, तर हाच गडी खाण्यासारखं काही नसतानाही तशीच हाक देतो, हेही अभ्यासात दिसलंय. आई पिल्लांना बोलावते तीही याच धर्तीच्या हाकेने, पण ती खोटं बोलावत नाही.

पायरी ५: खुडूक कोंबडी आणि पिल्लं

खुडूक बसलेली कोंबडी हात जवळ नेताच पिसं फुलवून गुरगुरते, किंचाळते, चोच मारते. आजारी नसते ती. अंडी सोडायची नसतात एवढंच. उबवणीचे २१ दिवस भरत आले की पिल्लं अंड्यातूनच चिवचिवू लागतात आणि आई हळू आवाजात उत्तर देते. अशा वेळी अंडी उगाच हाताळू नका.

आईविना वाढणाऱ्या पिल्लांकडे जास्त कान द्यावा लागतो. हलकी, मऊ किलबिल असेल तर ठीक. मोठ्याने, एकसारखं, उतरत्या सुरात 'चियूं चियूं' चाललं असेल, तर पिल्लू थंडीने गारठलंय, भुकेलंय किंवा एकटं पडलंय. आधी ऊब तपासा: पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं. दिव्याखाली सगळी एकमेकांना चिकटली असतील तर ऊब कमी पडतेय; कडेला पांगून धापा टाकत असतील तर जास्त झालीय.

पायरी ६: तक्रार ऐकून घ्या

लांबट, कण्हत काढलेला 'गाऽऽक्-गक्-गक्' हा अडलेल्या कोंबडीचा सूर. खाणं, पाणी किंवा धुळीत लोळायची जागा हवी असून मिळत नसेल, तर तो वाढतो. पाण्याचं भांडं आणि अंड्यांचं खोकं बघून या. दांडीवर जागेसाठी संध्याकाळी होणारी चिडचिड मात्र सोडून द्या. अंधार पडला की मिटते.

आरवण्याचं फार मनावर घेऊ नका. नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पहाटेचं आरवणं शरीरातल्या घड्याळावर चालतं, उजेड दिसायच्या आधीच सुरू होतं. कळपात अनेक कोंबडे असतील तर पहिली बांग सगळ्यांत वरचढ असलेल्याची. कोंबडा नसलेल्या कळपात क्वचित एखादी कोंबडीही आरवते.

पायरी ७: रात्री श्वास ऐका

अंधारात कळप गप्प झाला की खुराड्यापाशी दोन मिनिटं उभे राहा. घरघर, शिट्टीसारखा श्वास, शिंका, खोकला हे काही 'बोलणं' नाही. धुळीमुळे एखादी शिंक येतेच. पण आवाज रोज येत असेल, चोच उघडी ठेवून श्वास घेतला जात असेल, नाक-डोळ्यांतून पाणी येत असेल, तर त्या कोंबडीला लगेच वेगळी ठेवा, तिची भांडी वेगळी करा आणि पशुवैद्यांना बोलवा. तिला हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय कळपात जाऊ नका. श्वसनाचे बरेच आजार झपाट्याने पसरतात.