धातूनुसार शस्त्राचा टिकाऊपणा कसा मोजायचा
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवण्याच्या टेबलटॉप खेळाच्या ३.५ आवृत्तीत शस्त्रावर घाव बसला की नुकसानातून आधी धातूचा कठीणपणा वजा करा. उरेल तेवढंच हिट पॉइंट्समधून, म्हणजे तुटेपर्यंत शस्त्र जेवढं नुकसान सोसतं त्या आकड्यातून, जातं. कठीणपणा असा: पोलाद १०, आणि खेळातले काल्पनिक धातू मिथ्रल १५, अ‍ॅडमंटाइन २०. साध्या लाँगस्वर्डचे हिट पॉइंट जेमतेम ५, म्हणजे १८ च्या घावात पोलादी तलवार तुटते, मिथ्रलची २ पॉइंटवर तगते, अ‍ॅडमंटाइनला ओरखडाही नाही.

शस्त्रावर चढवलेल्या जादूचा प्रत्येक +१ दर्जा कठीणपणात २ आणि हिट पॉइंट्समध्ये १० घालतो. बरेच जण हे विसरतात आणि चांगली तलवार उगाच गमावतात!

घाव घालणारं शस्त्र अ‍ॅडमंटाइनचं असेल, तर २० पेक्षा कमी कठीणपणा धरायचाच नाही. +३ मिथ्रल मात्र २१ वर जाऊन वाचतं. थंड लोखंड (कोल्ड आयर्न) या खेळातल्या आणखी एका धातूवर जादू चढवायला २,००० सोन्याची नाणी जास्त पडतात. हिशेब आधीच करा.