जुनी तोफ नीट कशी बघायची

म्युझियममध्ये तोफ दिसली की सगळे आधी तोंडात डोकावतात आणि फोटो काढून पुढे सरकतात, पण तोफ बघायची ती बुडाकडून, कारण खरी भानगड तिथेच असते. तोफेची दारू (स्फोटक पूड) पेटली की सगळा दाब आधी मागे बसतो, म्हणून कारागीर तिथे धातू जाड ठेवायचा. चीनच्या हेइलोंगजियांगमध्ये सापडलेली छोटी हाततोफ आहे ना, जेमतेम 34 सेंटीमीटर लांब, साडेतीन किलोची, तिच्यातही दारूच्या जागी पोट फुगलेलं स्पष्ट दिसतं. मग कान शोधा, म्हणजे बत्ती द्यायचं भोक. ते खाऊन मोठं झालेलं असेल तर तोफ भरपूर चाललेली असण्याची शक्यता जास्त.

आता तोफ ओतीव आहे, म्हणजे साच्यात ओतलेली, की बांगड्यांची ते बघा. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गच्या किल्ल्यातली 1449 ची मॉन्स मेग तोफ बघितली तर कळतं, लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपासारख्या उभ्या जोडून वरून गरम बांगड्या चढवल्यात, गार झाल्या की त्या आपोआप आवळतात. 1680 मध्ये सलामी देताना तिची नळी फुटली, ती जागा अजून दिसते, तिथे नक्की थांबा, आतल्या पट्ट्या कशा बसवल्यात ते तिथेच कळतं. त्या काळी युरोपात एवढं मोठं लोखंड ओतायची सोय नव्हती, पितळ-कांसं मात्र घंटा ओतणाऱ्यांना जमायचं. कांसं महाग, पण फुटायच्या आधी बऱ्याचदा फुगतं, तेवढीच वॉर्निंग मिळते. लोखंड तेवढी दयामाया दाखवत नाही. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स 1460 मध्ये स्वतःच्याच फुटलेल्या तोफेने मेला, शेजारी उभं राहून बघायची हौस.

बोर्डावरच्या सालावर लगेच विश्वास ठेवू नका हां. साल वस्तूवरच कोरलंय का ते आधी बघायचं. चीनमधल्याच शांगडूच्या तोफेवर 1298 ची तारीख कोरलेली आहे, विषय संपला. हेइलोंगजियांगच्या तोफेवर काहीच लिहिलेलं नाही, तिचं 1288 हे साल जवळच झालेल्या लढाईवरून धरलेलं आहे. अंदाज चांगला आहे पण अंदाजच.

आणि दारूचा उल्लेख म्हणजे तोफच असं धरून चालू नका, बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. 1044 च्या चिनी लष्करी ग्रंथात दारूच्या कृती आहेत, पण त्या मुख्यतः आग आणि धूर करायच्या कामाच्या. 1232 ला चीनमधल्या काइफेंग शहराच्या वेढ्यात मात्र लोखंडी कवचाचे बॉम्ब फुटले. जपानमध्ये ताकाशिमा बेटाजवळ समुद्रात मंगोल स्वारीतले मातीचे पोकळ गोळे सापडलेत, तसं काही काचेत ठेवलेलं दिसलं तर ‘मडकं’ म्हणून पुढे जाऊ नका, भोक कुठे आहे आणि भिंत किती जाड आहे ते बघा.

इंग्लंडात फोर्ट नेल्सनला 1464 ची तुर्की तोफ आहे, जवळपास 17 टनांची, ती मध्ये आटे पाडून दोन तुकड्यांत केलीय. तिच्या दोन्ही टोकांच्या कडांना खाचा आहेत, नक्षी वाटतात, पण त्यात दांडे घालून माणसं ती फिरवून जोडायची.