गॅसिफायरची कार्यक्षमता काढताना या चुका टाळा

गॅसिफायर म्हणजे लाकडाला मोजकीच हवा देऊन त्याचा जळाऊ गॅस करणारी भट्टी; डाउनड्राफ्ट प्रकारात गॅस वरून खाली वाहतो. कोल्ड गॅस कार्यक्षमता म्हणजे जळणातल्या ऊर्जेपैकी किती टक्के थंड केलेल्या गॅसमध्ये जळाऊ रूपात उरते. लाकडावर चालणाऱ्या डाउनड्राफ्ट गॅसिफायरची ती साधारण ६५ ते ८० टक्क्यांत बसते. तुमचं उत्तर ९० च्या पुढे गेलं, तर खूश होण्याआधी हिशेब तपासा.

सगळ्यात जास्त घोळ उष्मांकात, म्हणजे किलोभर जळणातून किंवा घनमीटर गॅसमधून मिळणाऱ्या उष्णतेत होतो. जळणाचं वजन ओलाव्यासकट घेतात आणि उष्मांक मात्र कोरड्या लाकडाचा लावतात. समजा, लाकडात १५ टक्के ओलावा आहे आणि कोरड्याचा निव्वळ उष्मांक (वाफेत अडकलेली उष्णता न धरता) किलोला १८.५ मेगाज्यूल. मग ओल्याचा ०.८५ × १८.५ − ०.१५ × २.४४, म्हणजे जवळपास १५.४ (२.४४ ही किलोभर पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता). गॅसमध्ये २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, १७ टक्के हायड्रोजन आणि २ टक्के मिथेन असेल, तर घनमीटरला साधारण ५.१ मेगाज्यूल मिळतात. किलोमागे २.२ घनमीटर गॅस निघाला की ११.२, कार्यक्षमता ७३ टक्के. तोच भागाकार १८.५ ने केला तर ६० वर येते! यंत्र तेच, जळण तेच. एका बाजूला निव्वळ आणि दुसऱ्या बाजूला स्थूल (वाफेतली उष्णता धरून काढलेला) उष्मांक घेतला तरी असाच फटका बसतो.

घनमीटर कोणता, हेही लिहून ठेवा. ४० अंश सेल्सिअसला मोजलेला प्रवाह शून्य अंशावर न आणता वापरला, तर गॅस सुमारे १५ टक्के जास्त दिसतो. शिवाय विश्लेषकात (गॅसमधल्या घटकांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात) जाणारा नमुना वाळवलेला असतो, प्रवाहमापकातून जाणारा गॅस बहुधा ओला, म्हणून दोन्ही आकडे थेट एकत्र वापरता येत नाहीत.

आकडे खरे आहेत का, हे मला कार्बनच्या ताळेबंदातून (आत किती गेला, बाहेर किती आला) सर्वांत लवकर कळतं. वरच्याच गॅसमध्ये ११ टक्के कार्बन डायऑक्साइड धरला, तर किलोभर ओल्या लाकडामागे गॅसमध्ये ०.३९ किलो कार्बन जातो. लाकडात तो ०.४२ च्या आसपास असतो. उरलेला कोळशाची भुकटी आणि टारमध्ये (डांबरासारख्या चिकट पदार्थात). हे पटण्यासारखं आहे. गॅसमधला कार्बन जळणापेक्षा जास्त निघाला, तर बहुतेक वेळा चाचणीच आखूड असते: आत आधीपासून साठलेला कोळसा जळत राहतो आणि नोंद फक्त नव्याने टाकलेल्या लाकडाची होते. आतला जळण-कोळशाचा थर स्थिर होईपर्यंत थांबा, आणि चाचणीच्या सुरुवातीला व शेवटी त्याची पातळी सारखी ठेवा.

समतोल मॉडेलबद्दल, म्हणजे सगळ्या अभिक्रिया समतोलापर्यंत पोचतात असं धरून गॅसचे घटक काढणाऱ्या गणिताबद्दल, एक गोष्ट लक्षात असू द्या. ते मिथेन कमी आणि हायड्रोजन बहुतेकदा जास्त दाखवतं, टार तर धरतच नाही. खऱ्या भट्टीत सगळ्या अभिक्रिया समतोलापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. म्हणून लोक समतोल स्थिरांकांना (समतोलात घटकांचं प्रमाण ठरवणाऱ्या आकड्यांना) दुरुस्तीचे गुणक लावतात. त्याला हरकत नाही, पण ज्या चाचणीवरून गुणक बसवले तिच्याशीच तुलना करून मॉडेल जुळलं म्हणू नका. वेगळ्या ओलाव्याच्या जळणाची निदान एक चाचणी बाजूला ठेवा आणि मॉडेल तिच्यावर पारखा.