कार्डाचं कर्ज गटाकडे वळवा

क्रेडिट कार्डावर 40,000 थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर महिन्याला 1,400 नुसते व्याजाचे. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरत बसलात तर मुद्दल जेमतेम हलतं. गल्लीतल्या बचत गटात असाल तर तिथून कर्ज मागा. दोन टक्क्यांनीही 800च होतात, शिवाय ते व्याज गटातच फिरतं. मागायला लाज वाटते खरी, पण वसुलीच्या फोनपेक्षा बरी. कार्ड मात्र कपाटात ठेवा, नाहीतर दोन्हीकडून अडकाल.

हप्त्यासाठी पगाराच्याच दिवशी पैसे बाजूला काढा. नाशिकला असाल तर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात शेजारणीबरोबर जा. कांदे-बटाटे एकत्र घेऊन घरी वाटून घ्या. वाचलेले पैसे त्याच रात्री डब्यात.