जुन्या ब्रँडेड पीसीत नवा मदरबोर्ड बसवताना या चुका टाळा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे डेस्कटॉप बंद पडायला लागतात. बटण दाबून डिस्प्ले आला नाही की निदान ठरलेलं: "बोर्ड गेलो." मग कोल्हापूरहून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड मागवला जातो, आणि तो आल्यावर कळतं की जुन्या कॅबिनेटमध्ये तो बसतच नाही. म्हणून एकच आग्रह आहे: पैसे देण्याआधी झाकण उघडा आणि आत काय आहे ते नीट बघा.

बोर्ड मेला असं आधीच ठरवू नका

खाऱ्या हवेत बोर्ड मरण्याआधी त्याचे संपर्क खराब होतात. टॉर्च लावून रॅमचे स्लॉट आणि बोर्डावरच्या नाण्यासारख्या सेलचा होल्डर बघा. होल्डरच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर तो धातूवर चढलेला गंज आहे. प्लग काढा, रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, स्लॉट आणि होल्डर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. सीआर२०३२ सेल नवा टाका. मग रॅमची एकच पट्टी लावून चालू करून बघा. बरेच "मेलेले" बोर्ड एवढ्यानेच उठतात.

एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून आतही डोकावा. मुंग्यांचं वारूळ किंवा चिकटलेली पाल दिसली तर दोष तिथे असू शकतो. पण एसएमपीएस खोलू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतका भार उरतो. जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेला एसएमपीएस वाळवून परत जोडू नये, दिसायला कितीही स्वच्छ असला तरी.

आणखी एक गोष्ट. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा. कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग अर्थिंग नावापुरतंच उरतं. तशा सॉकेटवर नवा बोर्ड लावणं मला पटत नाही.

सगळ्यात महागडी चूक: एसएमपीएसचा प्लग न बघता बोर्ड घेणं

साध्या एटीएक्स (सर्वसाधारण मापाच्या, सुटा मिळणाऱ्या) बोर्डाला २४ पिनचा मोठा प्लग लागतो, शिवाय प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनचा वेगळा. पण २०१३च्या आसपास मोठ्या कंपन्यांनी ऑफिसच्या पीसींत आपापले प्लग आणले. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० आणि ९०२०मध्ये मुख्य प्लग ८ पिनचा आहे, एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१मध्ये ६ पिनचा, लेनोव्होच्या अनेक थिंकसेंटरमध्ये १४ किंवा १० पिनचा. कोकणात ऑफिसांतून निघालेले जे रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकलेले) पीसी सेवा केंद्रांत, शाळांत आणि बागायतदारांच्या घरी येतात, त्यांत हीच मॉडेलं भरपूर असतात.

फरक फक्त पिनांच्या संख्येचा नाही. हे एसएमपीएस मुख्यतः १२ व्होल्टच देतात. ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कची पॉवर केबल एसएमपीएसमधून न निघता बोर्डातूनच निघते, ती यामुळेच. साधा नवा बोर्ड मात्र हे व्होल्टेज बाहेरून मागतो. म्हणून बाजारात मिळणारी "२४ ते ८ पिन" केबल एकाच दिशेने कामाची आहे: नवा एसएमपीएस, जुना बोर्ड. जुन्या एसएमपीएसवर नवा बोर्ड तिने चालत नाही. त्याहून जुन्या, १९९०च्या दशकाच्या अखेरच्या काही डेल मशीनमध्ये तर प्लग हुबेहूब एटीएक्ससारखा होता, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. त्यामुळे प्लग बसला म्हणजे जमलं, असं समजू नका.

मग कूलर बघा. कित्येक ब्रँडेड पीसीत कूलरचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट कॅबिनेटच्या पत्र्यात आवळलेले असतात. बोर्ड बदलला की तो कूलर निरुपयोगी. मागची पोर्टची पट्टीही पत्र्यातच कापलेली असेल तर नव्या बोर्डाची पट्टी बसवायला जागा नाही. कानशीने कापणारे मी पाहिले आहेत, पण तो लोखंडाचा कीस आत राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ गुणिले २४४ मिलिमीटरचा असतो. टेप घेऊन जागा मोजा, स्क्रूच्या भोकांची जागाही. झाकण उलट्या बाजूने उघडत असेल आणि प्रोसेसर थेट पुढच्या पंख्यासमोर असेल, तर ते इंटेलने २००४च्या सुमारास आणलेल्या बीटीएक्स मांडणीचं असू शकतं. तो मापदंड काही वर्षांत सोडून दिला गेला, नवा बोर्ड त्यात बसणार नाही.

यातली एखादी गोष्टही जुळत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड शोधा, नाहीतर नव्या बोर्डासोबत साधं कॅबिनेट आणि नवा एसएमपीएस घ्या.

बसवताना

बोर्ड आधी बाहेरच, पुठ्ठ्यावर ठेवून चालू करून बघा. ज्या चंदेरी पिशवीतून तो येतो तिच्यावर नको. तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या मागून शॉर्ट होतो. काही ब्रँडेड कॅबिनेटांत स्टँडऑफ पत्र्यालाच दाबून काढलेले उंचवटे असतात, ते काढता येत नाहीत. जास्तीचा उंचवटा बोर्डाच्या सोल्डरला टेकत असेल तर ते कॅबिनेट सोडा.

पुढच्या बटणाचा प्लगही ब्रँडेड पीसीत एकसंध ठोकळ्यासारखा असतो. नेहमीच्या ९ पिनच्या मांडणीत पॉवर बटण ६ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर येतं. तरी बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती बघूनच जोडा. ठोकळ्यातल्या बटणाच्या दोन तारा मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार जोडली की बीप वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून, बटण दाबत शोधता येतात. बटणाच्या तारा उलटसुलट चालतात, एलईडीच्या नाही.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही? आधी प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनचा प्लग बघा, तोच विसरला जातो. मग रॅम: डीडीआर३ २४० पिनची, डीडीआर४ २८८ची, खाच वेगळ्या जागी. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, रॅम चुकीची आहे.

विंडोज आणि हिशेब

जुनी डिस्क लावल्यावर निळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क चालवायची पद्धत, बघा. जुन्या मशीनवर रेड असेल आणि नव्यावर एएचसीआय, तर विंडोज सुरू होताना अडकते. ब्रँडेड पीसीसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स त्याच्या बोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळ्या बोर्डावर ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होईलच असं धरू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, नव्या बोर्डावर विंडोज ती मागणार.

आंब्याच्या हंगामाचे हिशेब टॅलीत असतील आणि मशीन अधूनमधून का होईना चालू होत असेल, तर बोर्ड काढण्यापूर्वी डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. मशीन एकदा पूर्ण बंद पडलं की त्यावरून सरेंडर करता येत नाही.