कोकणात माउंटन बाईकचे बूट घेताना: माप, सोल आणि ओल

बूट घ्यायला निघालेली बरीचशी मंडळी आधी रंग ठरवतात, मग बजेट, आणि माप म्हणजे काय तर "मला आठ नंबर लागतो". हे सगळं उलटं करायला हवं. त्यात आपण राहतो कोकणात, म्हणजे कोरड्या गावातल्या माणसाने "तीन वर्षं झाली, अजून नवा आहे" असं लिहिलेलं वाचून बूट घेतला तर फसगत ठरलेली, कारण इथे बूट झिजून मरत नाही, ओला राहून मरतो. जांभ्यावर सोल घासतो हे खरं, पण त्याच्या आधीच गोंद सुटतो, आतला फोम भुगा होतो, नाहीतर बुरशीच्या वासाने घरची माणसं तो पडवीतसुद्धा ठेवू देत नाहीत.

आधी माप. संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो आणि उन्हात दोन तास पेडल मारल्यावर तो तसाच होणार असतो. जे मोजे घालून चालवणार तेच घाला, कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावून उभे रहा (बसून नाही, अंगाचं वजन पायावर यायला हवं), सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा असेल तो धरा. आता हे सेंटीमीटरमधलं माप हाच तुमचा खरा नंबर. यूके आठ, यूएस नऊ हे प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं बसतं. युरोपियन नंबराचा ढोबळ हिशोब सोपा आहे, पायाच्या लांबीत दीड सेंटीमीटर मिळवा आणि दीडने गुणा. २६.५ चा पाय असेल तर २८ गुणिले दीड, म्हणजे ४२. सायकलचे भाग आणि बूट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या तक्त्यातही ४२ समोर २६.५ आणि ४३ समोर २७.२ च लिहिलेलं असतं. तरी ज्या कंपनीचा बूट घेताय तिचा तक्ता बघाच, हिशोब फक्त अंदाजाला.

लांबीपेक्षा जास्त घोळ रुंदीत होतो. लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वावरलेला पाय पंजाला पसरट असतो आणि बरेच सायकलिंगचे बूट अरुंद पायाचे साचे धरून बनवलेले असतात. मग करंगळी दाबते म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात, पंजाला बरं वाटतं पण टाच आत फिरायला लागते, चढावर उभं राहून पेडल मारलं की टाच वर आणि बूट खाली. रुंद पाय असेल तर त्याच नंबरात रुंद साचा मिळतो का ते बघा, काही कंपन्या काही मॉडेलमध्ये 'वाइड' काढतात. नसेल तर दुसरी कंपनी बघा, दुसरा नंबर नको.

दुकानात घालून आरशात बघण्यापेक्षा पायरीवर उभे रहा. पंजा पायरीच्या कडेवर, टाच हवेत, थोडं खाली झुका. सोल मध्येच वाकत असेल तर तासाभरात तळपाय दुखणार. मग उतरतीवर चालल्यासारखं पाऊल जोरात टाका, अंगठा पुढे आपटता कामा नये, पुढे साधारण सेंटीमीटरभर जागा हवी. हे दहा-पंधरा मिनिटं घालून फिरल्याशिवाय कळत नाही, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आता फ्लॅट की क्लिप, ज्यावर लोक तासन्‌तास भांडतात. फ्लॅट म्हणजे सपाट तळाचा बूट, पेडलवर नुसता टेकतो. क्लिपवाले म्हणजे बुटाच्या तळाला धातूचा क्लीट आणि तो पेडलमध्ये खट्‌कन अडकतो. शिमानोने एसपीडी नावाची क्लिपची पद्धत १९९० मध्ये आणली, त्यात दोन बोल्टचा छोटा क्लीट सोलच्या खाचेत बसतो म्हणून चालता येतं. रोड बाईकचा तीन बोल्टचा मोठा क्लीट आपल्या कामाचा नाही. पण आपल्याकडे माउंटन बाईकिंग म्हणजे काय? थोडं सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर), थोडं बागेतल्या वाटेने, मग ओढा, आणि मग पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आली की सायकल खांद्यावर. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात जे हिरवं बुळबुळीत शेवाळ येतं त्यावर धातूचा क्लीट टेकला की माणूस सायकलीसकट खाली. त्यामुळे माझं स्पष्ट मत, फ्लॅटच घ्या. सागरी महामार्गाने लांब लांब डांबरावर जाणार असाल, धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड फेरी पकडत, तर क्लिपचा फायदा आहे, तेव्हा खुशाल घ्या.

फ्लॅटच्या बुटात सगळा खेळ रबराचा. पेडलवरच्या पिना सोलमध्ये रुतायला हव्यात, म्हणून मधला भाग मऊ रबराचा आणि उथळ नक्षीचा लागतो. फाइव्ह टेन ही मुळात कडे चढणाऱ्यांचे बूट बनवणारी कंपनी, तिचं स्टेल्थ रबर सायकलवाल्यांनी उचललं आणि २०११ मध्ये अ‍ॅडिडासने ती कंपनीच विकत घेतली. ते बूट महाग आहेत, तेच घ्यायला हवेत असं नाही, पण हातात घेऊन बघा म्हणजे मऊ रबर म्हणजे काय ते बोटाला कळेल, नख दाबलं की ठसा उठतो. ट्रेकिंगचा बूट चालेल का, हा प्रश्न दर वेळी येतो कारण तो सगळ्यांकडे असतोच. चालवून चालतो, पण त्याच्या खोल खाचांमध्ये पिना नुसत्या लोंबतात, नाहीतर भलत्याच जागी अडकतात. रनिंगचा बूट त्याहून वाईट, मऊ फोम पेडलभोवती वळतो. मात्र पुढे चवड्याला आणि मागे टाचेला थोड्या खोल खाचा हव्यातच, कारण पाखाडी आहे.

मऊ रबर लवकर झिजतं हे मान्य. त्याला उपाय पेडलमध्ये आहे. नायलॉनचे पेडल आणि त्यावर साच्यातच ओतलेल्या बोथट पिना असतील तर सोल बराच जास्त टिकतो, धातूच्या टोकदार पिना सोल कुरतडतात.

वरचा भाग कसला, हे कोकणात सोलइतकंच महत्त्वाचं. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. आपला पाऊस आडवा येतो, पाणी घोट्यातून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नाही, पाय दिवसभर पाण्यात. चामडं नको, चार दिवस न घातलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी येते. सिंथेटिक, कमी फोमचा, पाणी निथळेल असा घ्या. पण जाळी फार मोकळी नको आणि हे दुकानात कोणी सांगणार नाही. पाऊस सरला की सड्यावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोकळ्या जाळीतून थेट मोज्यात आणि मोज्यातून कातडीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक फेरी मारा, संध्याकाळी पायरीवर बसून मोज्यातून कुसळं उपटत बसाल. घट्ट विणीचं कापड हवं आणि जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी. व्हेल्क्रोमध्येही हीच कुसळं आणि चिखल भरतो, मग तो चिकटायचं सोडतो. नाडीऐवजी फिरवून घट्ट करायचे फिरकीवाले डायल छान वाटतात पण पुळणीवरची वाळू त्यात गेली की कुरकुरतात. नाडी बेस्ट, तुटली तर कुठल्याही बाजारात मिळते, फक्त टोकं आत खोचून ठेवा, नाहीतर चेनमध्ये जातात.

आता टिकवायचं. बूट नुसता चिकटवलेला असेल आणि सोलची रबराची कड वर वाटीसारखी वळलेली असेल, तर नवा असतानाच मोचीकाकांकडे न्या आणि सगळीकडून शिवून घ्या. पावसाळ्याआधी. सुती दोरा कुजतो, नायलॉनचा सांगा. काका दोरा मेणावर ओढून घेतात, त्यामुळे भोकातून पाणी कमी शिरतं, आणि टाका रबरातूनच जायला हवा, नुसत्या फोममधून गेला तर दोराच फोम कापत जातो. कड पातळ असेल तर काका स्वतःच नको म्हणतील, ऐका त्यांचं. कुठे सुटलंच तर फेव्हिक्विक मारू नका, ते कडक होतं आणि वाकलं की तडकतं. रबराचा गोंद आणा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासा, दोन्हीकडे पातळ लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. घाई करणारे इथेच चुकतात.

डिस्काउंटमधल्या जुन्या मालापासून सावध. काही बुटांचा आतला फोम पॉलियुरेथेनचा असतो, तो दमट हवेत हळूहळू विघटित होतो, बूट न वापरता खोक्यात पडून असला तरी. मग पहिल्याच फेरीत खारीच्या बिस्किटासारखा सोलचा भुगा. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमला हा रोग नाही. जिभेच्या आत बऱ्याचदा बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघा.

वाळवणं तर रोजचं काम. समुद्रावर नेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं की हवेतली ओल खेचत राहतं. आतली गादी काढून वेगळी ठेवा, बुटात पेपर कोंबा, दोन-तीन तासांनी ओला पेपर काढून कोरडा घाला आणि पंख्याखाली ठेवा. चुलीवर, हीटरपुढे, भर उन्हात पत्र्यावर नाही, उष्णतेने गोंद ढिला होतो. क्लिपवाल्यांनी क्लीटच्या बोल्टला ग्रीस लावायला विसरू नये, खारी हवा आहे, गंजले तर निघत नाहीत, आणि ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीची खाच मातीने भरलेली असते ती आधी टोकरून काढा, नाहीतर की घसरून खाच गोल होते.

ऑनलाइन मागवणार असाल (आपल्याकडे बहुतेकांना पर्याय नाही, मोठी दुकानं पुण्या-मुंबईत नाहीतर गोव्यात) तर परत करता येतो का ते आधी वाचा, संध्याकाळी घरात स्वच्छ लादीवर घालून फिरा आणि पेडलवर ठेवून बघायचा मोह झालाच तर पेडलभोवती जाड फडकं गुंडाळा, कारण पिनांचे ठसे उठलेला बूट कोणी परत घेत नाही.