रेंज ट्रेकची सॅक भरताना या चुका टाळा

रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड. थंडीतला हा तीन दिवसांचा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणं, पाय दमवतोच, पण माणूस बेजार होतो तो बहुतेक वेळा सॅकमुळे.

पहिल्या तासातच खांदे भरून आले तर आधी कंबरपट्टा बघा. तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. तरीही सॅक मागे ओढत असेल तर ती भरण्यातच चुकलंय. डाळ-तांदूळ, भांडी, जादा पाणी यांची जागा पाठीला लागून, खांद्यांच्या मधोमध. स्लीपिंग बॅग तळाशी. कपडे उरलेल्या फटींत कोंबा. जड डबा बाहेरच्या कप्प्यात गेला की रतनगडाच्या शिडीवर तोल मागे जातो. कॅरीमॅट (झोपायची गुंडाळता येणारी चटई) आडवी बांधली तर कारवीच्या झुडपांत अडकते, म्हणून उभी बांधा.

एकूण ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, आणि त्यात ३ लिटर पाण्याचे ३ किलो आले! सहा जणांत सहा चाकू आणि तीन पातेली निघतात, ती घरीच एकत्र यादी करून कमी करा.

रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच असते, पाणी तिथूनच झिरपतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यातच सामान भरा. जीन्स नकोच, घामाने भिजली की लवकर वाळत नाही आणि संध्याकाळी गारठवते.

हेडटॉर्च सॅकमध्ये दाबली जाऊन चालू राहते आणि मुक्कामी पोचेपर्यंत सेल संपतात. एक सेल उलटा घालून ठेवा.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच कालवा. १ लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर जुलाब उलट वाढू शकतात.

बूट नवे नकोत. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, फोड येईपर्यंत वाट बघू नका. ती पट्टी सॅकच्या वरच्या खिशात हवी. तळाशी असेल तर कोणी काढत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेली सॅक पाठीवर घेऊन चार मजले चढा-उतरा. पाठीत टोचणारा डबा तिथेच सापडतो.